बिरेकचा पट्टा

मोटार आमच्या अंगणात आली ती दोन बैलांनी ओढत. पुढच्या एका चाकात हवा नव्हती, म्हणून ती लंगडत आली. मागच्या बैठकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला कुणी उठवलं नव्हतं. बैलांच्या मागून आमचे हे चालत होते आणि त्यांच्या मागून कारभारी, धोतराचा सोगा हातात धरून, शेणातून पाय वाचवत.

देवासला तेव्हा दोन राज्यं होती. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी. आम्ही ज्या सरदारांच्या पदरी होतो ते कोणत्या बाजूचे, ते लिहीत नाही. त्यांची माणसं अजून आहेत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या बग्घीखान्यात सुतार होते आणि मामंजींचे डोळे गेल्यावर हे लागले. बग्घ्यांची चाकं, दांड्या, बैठका, सगळं यांच्या हातचं. बग्घीखान्याच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या आणि अंगण, ते आमचं घर. आमचं म्हणजे सरदारांचं.

मोटार त्यांनी मोठ्या युद्धाच्या आधी मुंबईहून आणवली होती. तिच्याबरोबर आलेला ड्रायव्हर वर्षभरात पळून गेला. मग ती बग्घीखान्याच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. आता युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या सरदारांकडे नव्या मोटारी आल्या, आणि आमच्या सरदारांना आपलीही आहे याची आठवण झाली.

कारभारी अंगणाच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, बग्घ्या गेल्या, घोडेही जातायत. सरकारांना दसऱ्याला शिलंगणाला मोटारीतून जायचं आहे. ही चालली, तर मोटारखान्याचा मिस्त्री तू, आणि घर तुझ्याकडे. नाही चालली, तर दिवाळीच्या आत खोल्या मोकळ्या करायच्या."

हे म्हणाले, "मी सुतार आहे, कारभारी. हिच्यात माझं काम चाकांपुरतं."

"मग बाकीचं शिक."

"इंदूरहून जाणता माणूस बोलावला तर?"

"माणूस बोलवायचा तर मग तुझं काय काम?"

एवढं बोलून ते गेले. कोंबडी मी उठवली. सात अंडी निघाली, त्यातली पाच नासकी.

घर सोडून जायचं कुठे, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलाही नाही. मामंजी आंधळे. दोन मुली, त्यातली धाकटी अंगावर पिणारी. माझं माहेर धारचं. भावाच्या घरात आम्हाला उभं राहायला जागा होती, निजायला नव्हती. यांना बग्घीशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि बग्घ्या सगळीकडेच जात होत्या. म्हणून चैत्रात हे मोटारीला हात घालून बसले.

यांना अक्षर येत नव्हतं. मी धारला मुलींच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले होते. तेव्हा काम असं ठरलं, की हे एकेक भाग खोलून काढायचे आणि मी चिठ्ठी लिहून त्याला दोऱ्याने बांधायची, म्हणजे परत बसवताना घोळ नको. भागांची नावं आम्हाला माहीत नव्हती. पळालेल्या ड्रायव्हरने टाकून दिलेले दोन शब्द तेवढे यांना येत होते. पायाने दाबायची एक पट्टी म्हणजे किलच, दुसरी म्हणजे बिरेक. बाकी नावं आम्हीच दिली. डावा कान, उजवा कान. नळीचं टोपण. सासू, म्हणजे एक मोठा दातेरी गोळा होता, तो फिरला की बाकीचे सगळे फिरायचे. मामंजी ओसरीवर बसून हे ऐकत. एकदा म्हणाले, "सूनबाई, त्यात सासरा कोणता गं?"

मी म्हटलं, "तो अजून सापडला नाही. बहुतेक गंजलाय."

ते हसले. त्या चार-पाच महिन्यांत ते हसत असत, म्हणून लिहिते.

चाकं आधी केली, कारण ते यांना येत होतं. आरे लाकडाचे होते, वाळून सैल झालेले. चाक हलवलं की खुळखुळ्यासारखं वाजे. उदयनगरच्या रानातून धावड्याचं लाकूड आणलं. धावडा कठीण, तासताना हत्यार उडतं. एका चाकाला बारा आरे, अशी चार चाकं. एकही आरा यांनी मापाला दुसऱ्यांदा लावून पाहिला नाही, पहिल्याच खेपेला बसला. चाकं झाली तेव्हा मला वाटलं, आपण राहिलो इथेच.

मग आतलं यंत्र उघडलं आणि तसं वाटणं गेलं. जिथे जिथे लोखंड लोखंडात फिरतं तिथे मध्ये एक मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. ते झिजून कागदासारखं झालं होतं. जुनं खरवडून वितळवलं, कल्हईवाल्याकडचं कथील त्यात घातलं आणि चुलीवरच ओतलं. पहिल्या दोन वेळा चिरा गेल्या. तिसऱ्यांदा जमलं. पण ओतलेलं अस्तर तसंच चालत नाही, ते दांड्याला सगळीकडून सारखं टेकावं लागतं. कुठे टेकतं आणि कुठे नाही हे दिसणार कसं? यांनी माझी काजळाची डबी मागितली. दांड्याला काजळ आणि तेलाचा हात फिरवायचा, अस्तरात ठेवून फिरवायचा, काढायचा. जिथे काळं लागलं तिथे उंचवटा. तो तासायचा. पुन्हा काजळ. असं दिवसभर. तासायचं काम पुढे माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं बारीक होती आणि माझ्यात धीर जास्त होता. काजळ पाडायला रोज निरांजनावर वाटी पालथी घालावी लागे.

हे म्हणत, "तू लग्नात घातलं नसशील एवढं काजळ ही बया घालते."

"लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं, किती घालायचं ते."

श्रावणात तांबटाने पाण्याची टाकी डाग देऊन बुजवून दिली. झडपा कुरुंदाच्या भुकटीने घासून बसवल्या. आता उरलं चामडं.

पागेचा एक चांभार होता. घोड्यांचे साज, लगाम, बग्घीचे पट्टे, सगळं तोच करी. त्याचं पोट त्यावरच होतं. यांच्याच वयाचा. हे त्याच्याशी तासन्‌तास बोलत, पण तो अंगणात येत नसे. गडग्याच्या बाहेर उभा राही. आम्ही वस्तू गडग्यावर ठेवायची, मग त्याने उचलायची. तेव्हा हीच रीत होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हेही लिहून ठेवते.

मोटारीत चामडं दोन ठिकाणी होतं, दोन्ही पायाखालच्या फळ्यांच्या आत, हातभर अंतराने. एक किलचला, नरसाळ्यासारख्या चाकावर जडवलेलं. दुसरं बिरेकचं, एक लोखंडी पट्टा गोल चाकाला विळखा घालतो त्याच्या आतून. किलचचं सुकून तडकलं होतं. बिरेकचं तर राहिलंच नव्हतं, नुसती रिबिटं उघडी पडली होती.

चांभाराने बैलाच्या पाठीचं एक कातडं निवडलं आणि त्यातूनच दोन्ही तुकडे कापले. यांना त्याने गडग्यापलीकडून जे सांगितलं ते मला पुढे कळलं. तेव्हा मी चुलीपाशी होते. तो म्हणाला होता, "मिस्त्री भिया, किलच वालो तेल पियेगो, जितरो दो उतरो. बिरेक वालो सूखो राखजो. तेल को छांटो भी नी." किलचला तेल नसेल तर गाडी बेडकासारख्या उड्या मारते, आणि बिरेकला तेल लागलं तर तो धरतच नाही. हे यांना कळलं. मला सांगायचं यांना सुचलं नाही. आमच्या घरात तेल देणं हे माझं काम होतं. तेल न देणं हे कुणाचंच काम नव्हतं.

भाद्रपदात, गणपती जाऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा मोटार चालू झाली. हँडल मारून मारून यांचं मनगट सुजलं होतं. आधी धूर, मग मोठा आवाज, मग एकसारखी घरघर. मामंजी ओसरीवरून उठून उभे राहिले आणि आवाजाच्या दिशेने हात जोडले. धाकटी रडायला लागली. इंदूरच्या रस्त्यावर हे रोज मोटार नेऊ लागले, आधी एक मैल, मग तीन. बिरेक झकास लागत होता. कारभारी एकदा बसून आले आणि म्हणाले, "हातातला दांडा ओढला तर काय होतं?"

हे म्हणाले, "तो मागच्या चाकांचा बिरेक. त्याचे लोखंडी ठोकळे पार गुळगुळीत झालेत. नवे ओतायला हवेत."

"दसऱ्याच्या आधी?"

"आधी नाही होणार. पायाचा पुरेसा आहे."

"मग दसऱ्यानंतर कर."

तेव्हा तो दांडा कामाचा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. मी हे माझ्यावरचं कमी करायला लिहीत नाही. तसं होतं म्हणून लिहिते.

आता अष्टमीचं. खंडे नवमीला हत्यारांची पूजा असते हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या घरी तिच्या आदल्या दिवशी, अष्टमीला, आणखी एक रीत होती. पुरुषांनी हत्यारं धुऊन, धार लावून मांडायची, आणि बायकांनी घरात आणि बग्घीखान्यात जेवढं म्हणून चामडं असेल तेवढ्याला एरंडेल द्यायचं. लगाम, खोगीर, पट्टे, भात्याची कातडी, यांच्या वहाणा. नवमीला पूजेत कोरडं चामडं ठेवायचं नाही. मामंजींच्या आईपासून चालत आलेलं. तेल देऊन झालं की मामंजी प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवत. डोळे गेल्यापासून तर जास्तच. एखादा कोरडा सापडला की मला परत बसवत.

त्या वर्षी घोडे जवळजवळ उरले नव्हते. साज थोडाच होता, दुपारपर्यंत संपला. यांनी मोटारीच्या पायाखालच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या, आणि कुदळी-वाकसाला धार लावता लावता मला म्हणाले, "किलचच्या चामड्याला तेल दे, भरपूर दे. उद्या पूजेत आहे ती."

मी चिंधी घेऊन आत वाकले. किलचला तेल दिलं, पीत होतं तेवढं दिलं. हातभर पलीकडे दुसरं चामडं दिसलं. त्याच कातड्याचं, पण पांढुरकं, कोरडं ठाक. मला वाटलं, याला अजून द्यायचं राहिलंय. मी पट्ट्याच्या फटीतून चिंधी घालून त्यालाही दिलं, आणि चाक हाताने फिरवून फिरवून सगळीकडे नेलं. काम मी नीट करते. अर्धवट केलं असतं तर कदाचित बिरेक थोडा तरी लागला असता.

मामंजींचा हात धरून त्यांना मोटारीपाशी आणलं. त्यांनी आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून बोट फिरवलं, आणि बोट नाकाला लावलं.

"झालं सगळं?"

"झालं, मामंजी."

"आता बरं."

यांनी संध्याकाळी फळ्या बसवल्या. आत पाहिलं नाही. पाहायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, चालवायचं नाही, उचलायचं नाही. पूजेला बसलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत बसलेली. मोटारीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, कोहळा फोडला. इतके दिवस रोज चालणारी मोटार तो एक दिवस चालली नाही. चालली असती तर गल्लीच्या तोंडाशीच कळलं असतं.

दसऱ्याचं मी पाहिलेलं नाही. यांनी सांगितलं आणि लोकांनी सांगितलं तेवढं लिहिते. जाताना रस्ता सपाट होता आणि मिरवणूक पायी चालणाऱ्यांच्या बेताने होती. किलच दाबला की गाडी आपसूक थांबे, बिरेक दाबायची वेळच आली नाही. आपटा लुटून झाल्यावर सरदार टेकडीच्या पायथ्याशी उतरले आणि देवीच्या दर्शनाला वर गेले. कारभारी मोटारीतच बसले होते. त्यांनी यांना सांगितलं, गाडी खाली वळवून सावलीत लाव. तो उतार फार मोठा नाही. मी पुढे किती वेळा चालून पाहिला आहे, पाऊणशे पावलं असेल. उताराच्या खाली बाजार होता, आणि त्या दिवशी माणसांनी भरलेला.

यांनी बिरेक दाबला, तो मऊ लागला. पाय तळापर्यंत गेला आणि गाडी जोरात निघाली. हातातला दांडा बाहेरच्या बाजूला होता, तो ओढायला हे अर्धे बाहेर झुकले, एक पाय पायरीवर ठेवून. दांड्याने काही झालं नाही. तेव्हा यांनी चाक वळवून गाडी पिंपळाच्या पारावर घातली. माणसांवर घालायची नसेल तर दुसरं काही नव्हतं तिथे. पाराच्या दगडात आणि मोटारीत यांचा उजवा पाय सापडला. कारभारी बाहेर फेकले गेले, त्यांचा हात मोडला. बाजारातलं कुणी मेलं नाही.

यांना बाजेवरून घरी आणलं. वैद्याने पाय बांधला आणि सांगितलं, उजाडताच इंदूरला न्या. मोटारही त्याच दोन बैलांनी परत आणून अंगणात उभी केली. झेंडूची माळ तशीच होती.

लोक पांगल्यावर हे मला म्हणाले, "बिरेकचा पट्टा काढून आण."

मला काढता येत होता. दोन मळसूत्रं सैल केली की निघतो. मी आणून यांच्या हातात दिला. यांनी चामड्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याचा वास घेतला.

"तेल कुणी दिलं?"

"मी."

"किलचला सांगितलं होतं."

"अष्टमी होती. सगळ्याच चामड्याला दिलं."

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, शुद्ध गेली. पण गेली नव्हती. म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. बाबांनाही नाही."

उजाडायच्या सुमाराला इंदूरला न्यायला बैलांची दमणी दाराशी लागली आणि त्याच वेळी कारभारी आले. हात झोळीत, तोंड सुजलेलं. ते बाजेपाशी बसले नाहीत. म्हणाले, "सरकारांनी विचारलंय. काम कच्चं होतं की माल कच्चा होता? काम कच्चं असेल तर दिवाळीपर्यंतही थांबायचं नाही."

हे माझ्याकडे पाहत नव्हते. म्हणाले, "चामडं कच्चं निघालं."

ओसरीवरून मामंजी म्हणाले, "चामडं चांगलं होतं की. मी हात लावून पाहिलं. लोण्यासारखं मऊ होतं."

कारभारी म्हणाले, "म्हातारबुवा, तुम्ही गप्प बसा."

मी काहीच म्हणाले नाही. धाकटी कडेवर होती आणि थोरली पदराला धरून होती. यांचा पाय जाणार हे मला दिसत होतं. पाय गेलेला सुतार, आंधळा सासरा, दोन मुली. मी एक वाक्य बोलले असते तर आम्ही पाचही जणं रस्त्यावर होतो. ते मोजायला मला चौथीपर्यंतही शिकावं लागलं नसतं.

यांना इंदूरला नेलं. मी मामंजी आणि मुलींमुळे मागे राहिले. त्याच दुपारी कारभाऱ्यांनी चांभाराला बोलावलं, आमच्याच गडग्यापाशी, कारण पट्टा आमच्याकडे होता. माझ्याकडून मागून घेतला तो त्यांच्याबरोबरच्या शिपायाने. शिपायाने तो चांभारापुढे मातीत टाकला.

कारभारी म्हणाले, "हे तुझं चामडं. माणूस मारला असतास."

चांभाराने पट्टा उचलला. आधी वाकवून पाहिला, मग नाकाशी नेला. मग मान वर करून गडग्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. मी दारात होते. अष्टमीच्या तेलाची रीत त्याला माहीत होती. दरवर्षी आमच्याकडचे तेल दिलेले साज तोच दुरुस्त करायचा.

तो कारभाऱ्यांना म्हणाला, "मालक, चमड़ो म्हारो हे. पण तेल म्हारो नी हे."

"चामड्याला तेल नसतं तर काय असतं?"

"बिरेक का चमड़ा में नी होय, मालक. आप सूंघी ने देखो." त्याने पट्टा दोन्ही हातांवर ठेवून पुढे केला.

कारभारी दोन पावलं मागे सरले. "मी चामडं हुंगू? तुझ्या हातचं?"

शिपाई हसला. चांभाराने पट्टा तसाच थोडा वेळ धरून ठेवला. त्यांनी एकदा वास घेतला असता तर घरात रोज दिव्याला आणि पोटाला लागणारं एरंडेल त्यांना ओळखता आलं असतं. त्यांनी घेतला नाही. चांभाराने माझं नाव घेतलं नाही. घरातल्या बाईने दिलं असेल, असंही म्हणाला नाही. नाव घेतलं असतं तरी त्याचं कोण ऐकणार होतं, आणि हे त्यालाही कळत असणार. पट्टा त्याने गडग्यावर ठेवला, नेहमी ठेवायचा त्याच जागी, आणि गेला.

पागेचं काम त्याचं सुटलं. सरदारांकडचं सुटलं म्हटल्यावर बाकीच्या पागांनीही त्याला विचारलं नाही. पौषात त्याने घर हलवलं. सतवासला त्याच्या बायकोचे लोक होते, तिकडे गेला असं कळलं.

यांचा पाय गुडघ्याखाली कापला. परत आले ते माघात. मोटारखान्याचे मिस्त्री झाले, कारण पाय देऊन बाजार वाचवला असं सरदारांना लोकांनी सांगितलं होतं, आणि चूक मालाची ठरली होती. घर राहिलं. मोटारही दुरुस्त झाली. मागचे ठोकळे आधी ओतले, मग बाकीचं. बिरेकला पुढे मुंबईहून उंटाच्या केसांचा विणलेला पट्टा आला. आमच्या अंगणात चामडं पुन्हा आलं नाही, एक सोडून.

ते म्हणजे यांच्या पायाचं. आऱ्यांसाठी आणलेल्या धावड्यातलं एक लाकूड उरलं होतं. त्याचा यांनी स्वतःच पाय केला, हातातलं हत्यार सोडून कुणाची मदत न घेता. तोही पहिल्याच खेपेला बसला. पण तो मांडीला बांधायला चामड्याचे पट्टे लागत. इंदूरहून करवले, ते कापत. देवासच्या दुसऱ्या चांभाराने केले, ते घामाने आकसत. मांडीवर घट्टे पडून त्यातून पाणी येई. रोज फडकं बदलायचं, धुवायचं. हे कण्हत नसत, पण सकाळी पाय बांधताना भिंतीकडे तोंड करत.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मामंजी त्यात वारले. शेवटपर्यंत कुणी विषय काढला की म्हणत, चामडं लोण्यासारखं होतं. मग एक दिवस मांडी इतकी सुजली की यांना उठवेना. तेव्हा म्हणाले, "त्याच्याकडून आण."

कुणाकडून, ते मी विचारलं नाही. त्या वर्षांत त्याचा शब्द घरात निघाला तो एवढाच.

सतवासला तेव्हा जायला दोन दिवस लागले, थोडं लॉरीने, बाकी बैलगाडीने. त्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं, म्हणजे एक झाड आणि खाली पोतं. मोटेचं चामडं शिवत होता. केस पांढरे झाले होते. मला त्याने लगेच ओळखलं.

मी जुना पट्टा त्याच्यापुढे ठेवला. जमिनीवर नाही, हातात दिला. कुठे लागतं, कुठे सूज येते, ते सांगितलं. त्याने माप विचारलं. मी दोरीला गाठी मारून माप आणलं होतं, ते दिलं. त्याने कातडं काढलं, वाकवून पाहिलं, ठेवलं, दुसरं काढलं. मी समोर बसून राहिले. दोन घटका झाल्या असतील.

मी म्हटलं, "तेल मी दिलं होतं."

त्याने आरी थांबवली नाही. "मालम हे, बई."

"मी बोलायला हवं होतं."

"तो बोल्या क्यों नी?"

"घर गेलं असतं."

"म्हारो गयो," तो म्हणाला. रागाने नाही. माप सांगावं तसं सांगितलं.

मी क्षमा मागितली नाही. मागून त्याचं काय होणार होतं? माझंच काहीतरी झालं असतं. संध्याकाळपर्यंत त्याने दोन पट्टे पुरे केले, आतून बकऱ्याचं मऊ कातडं लावून. मी पदराची गाठ सोडायला लागले तर त्याने मान हलवली. मी जास्त आग्रह केला नाही.

देताना म्हणाला, "आठ दन तेल मत दीजो. टांको सूखवा दो."

मी आठ दिवस दिलं नाही. पट्टे यांना लागले नाहीत. मांडी भरून आली. हे मरेपर्यंत तेच पट्टे होते, दोनदा टाके घालावे लागले तेवढेच. ते कुठून आले हे यांनी विचारलं नाही, आणि अष्टमीला मी त्यांना तेल देत असे तेव्हा हे खोलीतून बाहेर जात.

आता हेही नाहीत, आणि सतवासचा तोही नसणार. राज्यं गेली, खोल्याही पाडल्या. माझी नातवंडं हिंदी शाळेत शिकली. मराठी बोलतात, तेही अर्धं हिंदीतच, वाचता तर येतच नाही. म्हणून हे मराठीत लिहून ठेवायला मला अडचण वाटली नाही. ज्याला वाचता येईल त्याने वाचावं. त्याचं घर गेलं ते चामड्यामुळे नाही, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं. चामडं चांगलं होतं.